न विचारलेला प्रश्न

‘गोपनीय’ या शिक्क्याची आम्हां कारकुनांना सवय असते. बंद पाकिटात काय आहे हे ठाऊक नसणे हा आमच्या चाकरीचाच एक भाग होय. तथापि भनपुरीच्या बिऱ्हाडातून पत्नीस पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीसाठी घेऊन गेलो, त्या दिवशी ही सवय माझ्या कामी आली नाही.

यंत्राची रीत तशी सरळ आहे. सेकंदास २०,००० कंपनांपलीकडचा ध्वनी मनुष्याला ऐकू येत नाही; हे यंत्र काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी देहात सोडते आणि प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून चित्र रेखाटते. हवा मात्र त्याची वैरीण. म्हणूनच पोटावर जेल लावतात. आरंभीच्या तपासणीस भरपूर पाणी पिऊन बसवतात तेही याचसाठी. भरलेले मूत्राशय वायूने फुगलेली आतडी दूर सारते व ध्वनीस वाट मिळते. पत्नीने तो तास कसा काढला, हे मी तेव्हा विचारलेही नव्हते.

या खेपेस पाणी पिण्याची गरज नव्हती. पुढे आला तो एक छापील कागद. गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नाही, असे त्यावर गर्भवतीने लिहून द्यावयाचे असते. तिने सही केली. माझी सही कोणी मागितली नाही. आणि इच्छा तर माझी होती!

मुलगी असली तरी मला आनंदच आहे, मग नुसते कळले तर बिघडले कोठे? अपराध्यांपायी निरपराध्याच्या जिज्ञासेस दंड का? हा युक्तिवाद मला काही काळ बिनतोड वाटला. असा कायदा देशात प्रथम केला तो महाराष्ट्राने, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, आणि ज्या छत्तीसगडास आपण मंडळी चहा घेता घेता मागासलेला म्हणतो, तेथे ९६९.

मी स्वतःस सांगत होतो की, आधी कळले म्हणजे मनाची तयारी होते. पण तयारी कसली? मुलाच्या वार्तेस कोणी मनाची तयारी करीत नाही.

बाहेर आल्यावर पत्नी म्हणाली, “बाळाचे हृदय चांगले चालले आहे म्हणे. तुम्ही मागे का रेंगाळलात? काही विचारायचे होते का?”

मी नाही म्हटले.