देवराई आणि देवाची मालकी

सह्याद्रीत आणि कोकणात ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या रानाला देवराई म्हणतात. वाघजाई, काळकाई, म्हसोबा अशा देवतांचे तांदळे, म्हणजे अनघड दगड, तिथे झाडांखाली उघड्यावर असत. राईत कुऱ्हाड चालवायची नाही, हा मूळ दंडक. बऱ्याच गावांत वाळलेली फांदीही घरी नेत नसत. नड पडलीच तर देवाला कौल लावत.

या दंडकाचे फळ मोठे आहे. भोवतालचे डोंगर कोळशासाठी आणि शेतीसाठी उघडे पडले, तरी राईत जुने वृक्ष आणि गारंबीसारख्या महावेली टिकल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात या राया अभ्यासल्या. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथील भालांडेश्वराच्या राईत रानजायफळांचे दुर्मीळ दलदली जंगल आहे. त्याला आता जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा आहे.

प्रश्न असा, की देवाच्या कोपाच्या भीतीने राखलेल्या रानाला निसर्गाविषयीचा आदर म्हणावे काय? राजस्थानातील बिश्नोई पंथात झाड आणि प्राणी राखणे हेच धर्माचरण आहे; 1730 मध्ये खेजडली गावात खेजडीची झाडे वाचवताना 363 जणांनी प्राण दिले. तिथे संरक्षण जिवाला आहे, जागा कोणतीही असो. देवराईत ते जागेला आहे: राईच्या हद्दीबाहेरचे त्याच जातीचे झाड तोडायला आडकाठी नसते. मात्र देवराईच्या नियमाचा गाभा निव्वळ भीती नव्हे. रान देवाचे, म्हणजे गावातल्या कोणाचेच नाही. मालकीच सोडल्यामुळे उपभोगाचा हक्कही सुटतो, आणि रानाचा उपयोग काय हे सिद्ध करावे लागत नाही.

हीच मालकी उलटही फिरते. देव राईतून पक्क्या मंदिरात गेला, की रान देवाचे घर न राहता देवाची मालमत्ता ठरते. मग जीर्णोद्धाराच्या खर्चासाठी राईतलीच झाडे विकली जातात. श्रद्धा शाबूत राहते, राई मात्र जाते.

म्हणून देवराईचे पुनरुज्जीवन केवळ वृक्षारोपणाने होत नाही. राईतल्याच बियांपासून रोपे करणे, बाहेरून आलेले तण काढणे, पडलेला पाला आणि लाकूड तिथेच कुजू देणे ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू गावाच्या निर्णयाची: या तुकड्यातून काहीही घ्यायचे नाही. तो निर्णय देवाच्या नावाने घेतला काय किंवा ग्रामसभेच्या ठरावाने घेतला काय, रानाला लागणारा त्याग तोच असतो. फरक एवढाच, की ठराव पुढची सभा बदलू शकते. देवाचा दंडक मोडायला गावाला आधी स्वतःचे मन वळवावे लागते.