पूर्वसूचना आणि उत्तरदायित्व

बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म, असे आपल्या घरांतील वडीलधाऱ्या बायका म्हणत आल्या. बाळ सुखरूप जन्मले तरी वार पडेपर्यंत सुईण निर्धास्त होत नसे. वार न सुटता रक्त वाहत राहिले आणि बाळंतीण गेली, तर ‘तिचे आयुष्यच तेवढे’ असे म्हणून घर गप्प होई. त्या उद्गारात दुःख होते, दोषारोप नव्हता. कारण आधी कळण्याचा मार्गच नव्हता.

आता तो मार्ग दिसू लागला आहे. काही गर्भवतींमध्ये वार गर्भाशयाच्या भिंतीत प्रमाणाबाहेर खोल रुतते आणि प्रसूतीनंतर सुटत नाही. ती ओढून काढू गेल्यास प्राणघातक रक्तस्राव होतो. आधीच्या सिझेरियनच्या व्रणावर वार रुजल्यास हा धोका विशेष असतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, वार गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या स्त्रियांपैकी दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी ११ टक्के, तर तिसऱ्या वेळी ४० टक्के जणींत हा विकार आढळला. आज निदान मुख्यतः सोनोग्राफीवर होते. पण त्यासाठी तयार नजर लागते. म्हणून आईच्या रक्तात उतरणाऱ्या वारेच्या पेशी व प्रथिने यांवरून अंदाज घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०२१ मध्ये अशा पेशींच्या पुंजक्यांविषयी निबंध प्रसिद्ध केला. ही चाचणी अजून नित्याच्या वापरात आलेली नाही. तरी तिच्यामुळे उभा राहणारा प्रश्न आजच विचारण्याजोगा आहे. आधी कळले, तर जबाबदारी कोणाची?

सरकारी दफ्तरात पत्राची आवक नोंदली गेली, की ‘आम्हांस माहीत नव्हते’ हे उत्तर संपते. मलप्रभेच्या पुराची सूचना हाती असूनही गाव हलवले नाही, तर दोष नदीचा राहत नाही. ज्ञान दैवाचा प्रांत आकुंचित करते आणि कर्तव्याचा वाढवते.

परंतु हे ओझे भलत्याच खांद्यावर जाण्याची भीती आहे. ‘हिच्या रक्तात दोष निघाला’ हे वाक्य आपल्याकडे किती सहज उच्चारले जाईल! ज्या सोनोग्राफीने अनेकांचे प्राण वाचवले, तिचाच उपयोग मुली नाकारण्यासाठी झाला आणि १९९४ चा कायदा करावा लागला, हे विसरता येत नाही. शिवाय या विकारात पुष्कळदा दिवस भरण्यापूर्वीच शस्त्रक्रिया करून वारेसह गर्भाशयही काढावे लागते. म्हणून चाचणीचा निकाल प्रथम त्या स्त्रीलाच, तिच्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे. सासर-माहेरचा सल्ला त्यानंतर. निकाल चुकूही शकतो. तेव्हा त्यावरून निर्णय न घेता अधिक बारकाईची तपासणी करावी, हेही तिला कळले पाहिजे.

कणकुंबी-जांबोटीकडील रानातल्या वाडीतून पावसाळ्यात रुग्णाला खांद्यावरून न्यावे लागते. तिथे आधी सांगून केवळ भीतीच वाढेल, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. शहरातील बाईला रक्तपेढी अर्ध्या तासावर असते. वाडीतील बाईला ते अंतर कापण्यासाठी काही आठवड्यांची सवड हवी. ती सवड पूर्वसूचनेनेच मिळेल.

याचा धडा आपल्याच जिल्ह्यात मिळालेला आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या सहभागाने ग्रामीण भागातील १६२० स्त्रियांमध्ये मिसोप्रोस्टॉल या गोळीची परीक्षा झाली. गोळी न मिळालेल्यांत १२ टक्के, तर मिळालेल्यांत ६.४ टक्के जणींना प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव झाला. रुतलेल्या वारेवर ती गोळी इलाज नव्हे. पण ज्ञानासोबत साधनही परिचारिकेच्या हाती गावापर्यंत पोहोचले, म्हणून ते फळले.

चाचणीमागोमाग रक्त, वाहन, जाणते शल्यचिकित्सक आणि दिवस भरत आल्यावर बेळगावात राहण्याची सोय आली, तरच ती चाचणी नीतीला धरून होईल. एरवी तो नुसता कागद. आणि तो कागद हाती आल्यानंतर एखादी बाळंतीण दगावली, तर ‘तिचे आयुष्यच तेवढे’ असे म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही राहणार नाही.