रस मागे उरतो

'रस' हा आपल्या भाषेतला असा शब्द आहे की तो उसाच्या कांड्यातूनही वाहतो आणि उपनिषदांतूनही. आयुर्वेद जेवणाचे सहा रस सांगतो, काव्यशास्त्र मनाचे नऊ, आणि तैत्तिरीय उपनिषद तर परब्रह्मालाच रस म्हणून मोकळे होते. आणि त्याच शब्दाने आपण अगदी साधेपणाने सांगतो की अमक्या गोष्टीत मला रस नाही. कित्येक वर्षे मी हा शब्द मनाशी घोळवीत आलो आहे, आणि त्याचा सर्वांत अवघड पदर मला दारू सोडलेल्या माणसांनी दाखवला. सोडल्यानंतरची त्यांची तक्रार तीनच शब्दांची असते: "आता करमत नाही."

दारू सुटण्याचे पहिले दिवस झगड्याचे असतात. हातपाय कापतात, झोप उडते, आणि पुष्कळ वर्षे रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटकेही येऊ शकतात, म्हणून ते दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. पण त्या झगड्यात निदान शत्रू समोर दिसतो. पुढे शरीर सावरते, घरचे निर्धास्त होतात, आणि मग एका संध्याकाळी सात वाजता माणूस ओसरीवर बसून राहतो. कुठे जायचे नसते, कुणी बोलावत नसते, टीव्हीवरचे चित्र नुसते हलत असते, पुढ्यातला चहा निवून जातो, आणि त्याला वाटते की दारूबरोबर जगण्यातला रसच निघून गेला.

तो खरोखर गेला का, हे मात्र थांबून पाहायला हवे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला सांगितले की आहार तोडला की विषय माणसापासून दूर होतात, पण त्यांचा रस मागे उरतो, आणि तो परमतत्त्वाच्या दर्शनानेच निवतो. ज्ञानोबारायांनी यावर झाडाचा दृष्टांत दिला आहे: वरवरची पालवी खुडत राहिले आणि मुळाशी पाणी घालत राहिले, तर ते झाड मरेल कसे? म्हणजे ओसरीवर बसलेल्या त्या माणसाचा रस संपलेला नाही, उलट तोच तेवढा शिल्लक आहे. ज्या वाटेने तो वाहत होता ती वाट बंद झाली आहे, आणि दुसरी अजून पडलेली नाही. करमत नाही म्हणजे रस आत तुंबला आहे.

आजचे मेंदूशास्त्रही याच ठिकाणी बोट ठेवते. सुखाची चाहूल देणारे डोपामिन नावाचे द्रव्य मद्याने एकाएकी उसळते. ही उसळी रोजची झाली की मेंदू आपली संवेदना आपणच बोथट करून घेतो, आणि मग मद्य थांबल्यावर नातवाचे हसू, पावसाचा वास, गरम भाकरी अशी हलक्या पावलांनी येणारी सुखे दाराशी येऊनही आत कळत नाहीत. ही संवेदना परतते, पण तिला कित्येक आठवडे, कित्येक महिने लागतात. तोवर जगाला बेचव म्हणणे म्हणजे तापातून उठलेल्याने अन्नाला कडू म्हणण्यासारखे आहे. अन्नातला रस जागच्या जागी असतो, जीभ तेवढी बरी व्हायची असते.

मग या मधल्या काळात करावे काय? याचे उत्तर मला गुऱ्हाळात मिळाले. उसाचा ताजा रस नुसता ठेवून दिला तर काही तासांत आंबू लागतो, म्हणजे मद्याच्या वाटेला लागतो. तोच रस काहिलीत ओतून चुलवाणावर चढवला, भेंडीच्या पाण्याने वर आलेली मळी काढत राहिले आणि गुळव्या शेजारून हलला नाही, तर त्याचा गूळ होतो. जाळ देऊन लगेच काही दिसत नाही. पुष्कळ वेळ नुसते पाणी आटत असते, आणि अधीर माणसाला वाटते की सारे वायाच चालले आहे. संध्याकाळच्या रिकाम्या घटका तशाच असतात. त्या नुसत्या ठेवल्या तर आंबतात. त्यांना रोजच्या नेमाचा मंद जाळ हवा. ठरल्या वेळी फिरणे, देवाजवळ दिवा लावणे, हरिपाठाला बसणे, मुलाच्या गणिताशेजारी बसणे, परसात दोन वाफे करणे, यांतले काहीही चालेल. पहिल्या दिवशी त्यात रस येणार नाही. तो आटवून आटवून घट्ट व्हायचा असतो.

येथे आपली भाषाच एक खूण करून ठेवते. रस 'येतो' असे आपण म्हणतो, तसेच रस 'घेतो' असेही म्हणतो. दारूचा रस नुसता येत असे, प्यायले की झाले. त्यामुळे घेण्याची सवय मोडली. ती पुन्हा कशी लागते, ते एका माणसाच्या गोष्टीत पाहा. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन नावाचा गृहस्थ हॉटेलात एकटा होता. दारू सोडून काही महिने झालेले, धंद्याचा व्यवहार फिसकटलेला, शनिवारची वेळ, आणि शेजारच्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते. तो बारकडे वळला नाही. त्याने फोन करून करून आपल्यासारखाच एखादा पिणारा माणूस शोधला. दुसऱ्या दिवशी भेटलेले डॉक्टर बॉब स्मिथ पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही संघटना त्या भेटीतून उभी राहिली. त्या रित्या वेळेत विल्सनने दुसऱ्याच्या दुःखात रस घेतला, आणि त्याचा स्वतःचा रस वाहता झाला. आपल्याकडे यालाच सत्संग म्हणतात.

नेम आणि सोबत असूनही महिनोन्महिने मन काळोखातच राहिले, जगणेच नकोसे वाटू लागले, तर तो साधा कंटाळा नव्हे. तेव्हा विनासंकोच डॉक्टरांकडे जावे. औषध घेण्याने श्रद्धा उणी होत नाही.

आमच्या गावचे एक गुळवे होते. जन्म काहिलीशेजारी गेला, पण दारूपायी त्यांना गुळाची गोडीही कळेनाशी झाली होती. त्यांनी माळ घातली, दारू सोडली, आणि पहिले कित्येक महिने पुढ्यात येईल ते न बोलता जेवत राहिले. एका रात्री पहिलाच घास घेऊन ते थांबले आणि म्हणाले, "अगं, आमटीत मीठ कमी पडलंय." त्यांच्या पत्नीने मिठाचा डबा पुढे केला आणि पदराने डोळे पुसले. संसारात इतक्या वर्षांत त्या माउलीला अशी गोड तक्रार कुणी ऐकवली नव्हती. रस परत आला होता, आणि तोही सहांपैकी सर्वांत साध्या, खारट रसाच्या रूपाने.