भोंगा झाला का?

खोटे बोलणे मला साधत नाही, असे मी आजवर मोठ्या ऐटीने सांगत आलो. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब लिहितो. तिथे जमेचा रुपया चुकून खर्चाला पडला, तर संध्याकाळपर्यंत तो कुठून तरी डोके वर काढतोच. तेव्हा खरेपणा हा माझा सद्गुण की नुसती धंद्याची सवय, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो अण्णांनी पाडला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साचेवाले होते. १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि पुढे कितीतरी पिढ्या या गावाने घड्याळाऐवजी भोंगाच मानला. अण्णांची गिरणी बंद पडली त्याला आता तीसएक वर्षे झाली. पण गेली तीन वर्षे त्यांना स्मृतिभ्रंशाने गाठले आहे, आणि पहाटे पाचाला ते अंथरुणात उठून बसतात व विचारतात, "भोंगा झाला का रे?"

भोंग्याचे एक वेळ चालले असते. एका सकाळी त्यांनी विचारले, "तुझी आई कुठं गेलीय?" मी पडलो हिशेबनीस. सांगून टाकले, "अण्णा, आई जाऊन सहा वर्षं झाली." ती बातमी त्यांना त्या क्षणी प्रथमच कळत होती. ते लहान मुलासारखे रडले. अर्ध्या तासाने विसरले, आणि पुन्हा विचारले. मी पुन्हा खरे तेच सांगितले. त्या एका दिवसात मी माझ्या बापाला तीनदा विधुर केले, आणि तिन्ही वेळा सत्य माझ्या बाजूला होते!

चौथ्या वेळी माझी बायको पुढे झाली. ती त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि सावकाश म्हणाली, "मामा, आत्यांची लई आठवण येतेय व्हय?"

"येतेय की."

"त्यांच्या हातची शेंगाची चटणी आवडायची न्हवं तुम्हाला?"

मग काय विचारता! उखळ, त्यात कुटलेले शेंगदाणे, आईच्या हातचा लसूण, डब्यातली कडक भाकरी, ती मागणारे खात्यातले सोबती. अण्णा पाऊण तास बोलत होते. तिने एक अक्षर खोटे सांगितले नव्हते. मी त्यांच्या प्रश्नाला उत्तर देत राहिलो होतो, आणि विचारणारा माणूस बाजूलाच राहिला होता.

विसरणाऱ्याला काय, घटकाभराने सारे पुसले जाते, असे आपण समजतो. तसे होत नाही. २०१४ साली आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाच्या आणि आनंदाच्या चित्रपटांतले तुकडे दाखवले. थोड्याच वेळाने काय पाहिले ते त्यांना धड सांगता येईना. भावना मात्र मनात रेंगाळत राहिल्या. इतकेच नव्हे, तर ज्यांना कमी आठवत होते त्यांचे दुःख अधिक टिकले. म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत, ते उगाच नव्हे.

आणखी एक छळ आपण हौसेने करतो. घरी आलेला प्रत्येक पाहुणा अण्णांपुढे उभा राहून विचारतो, "ओळखलंत का मला?" १९०१ साली फ्रँकफुर्टला डॉक्टर अल्झायमरांनी ऑगुस्टे नावाच्या बाईला नवऱ्याचे नाव विचारले, तेव्हा तिने स्वतःचेच नाव सांगितले. डॉक्टरांना विचारणे भागच होते. ज्या रोगाला पुढे त्यांचे नाव मिळाले तो त्यांना समजून घ्यायचा होता. पण चहाला आलेल्या माणसाने परीक्षा का घ्यावी? "अण्णा, मी अमक्याचा धाकटा," असे म्हणून बसावे की!

मात्र बायकोचा मार्ग दर वेळी चालत नाही. पहाटे अण्णा डबा मागतात, दाराची कडी काढतात, तेव्हा मी "आज सुट्टी आहे" म्हणतो. हे धडधडीत खोटे. अशा वेळी मला महाभारतातला कौशिक आठवतो. लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा त्याने दरोडेखोरांना खरा सांगितला आणि तो सत्यवादी नरकात गेला. या कथेने मी स्वतःची समजूत घालीत असे. पण त्याच महाभारतात धर्मराजाचा रथही आहे. एका सोयीच्या शब्दाने तो जमिनीला टेकला. एकदा वर्तमानपत्र निवांत वाचायला मिळावे म्हणून मी म्हणालो, "भोंगा व्हायचाय अजून, बसा." आणि विसरून गेलो. अण्णा डबा मांडीवर घेऊन दुपारपर्यंत दाराशी बसले होते. सुट्टीचे खोटे त्यांच्यासाठी होते, हे माझ्यासाठी. ऐकायला दोन्ही सारखीच!

परवा घरी कोणी नव्हते, म्हणून त्यांना चिंचोळीला बरोबर नेले. आमच्या नव्या मागांना धोटा नाही, आवाजही निराळा. तरी अण्णा एका मागापाशी थबकले. तिथल्या पोराने हसून त्यांच्या कानाशी तोंड नेले, "काका, किती साचे चालवायचा?" अण्णांनी दोन बोटे वर केली; गिरणीतला माणूस गोंगाटात हातानेच बोलतो. पोराने सरकून जागा दिली. अण्णा कापडावर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले.

दुपारी माझ्या टेबलाशी भाकरी खाताना त्यांनी माझ्याकडे अदबीने पाहिले. "साहेब, तुम्ही कुठल्या खात्यात?"

"मी हिशेबात," मी म्हणालो. सुदैवाने हे खरे होते.

"मग आमच्या बोनसचं तेवढं बघा की. दिवाळी आलीय, पोराला कपडे घ्यायचेत."

समोर वही उघडी होती. मी टोपण लावून पेन खाली ठेवले आणि विचारले, "केवढा आहे पोरगा?"

अण्णांनी टेबलाच्या उंचीला हात धरला, जरासा विचार केला, आणि बोटभर वर घेतला.