नवखा सफाई कामगार आणि दोषाचा प्रश्न

सोसायट्या, दवाखाने आणि लहान कचेऱ्यांची साफसफाई कंत्राटाने करणारे अनेक व्यवसाय अगदी छोटे असतात. एक मालक, फार तर एक सुपरवायझर आणि हाताखाली पाच-दहा माणसे. अशा ठिकाणी नव्याने लागलेल्या माणसाचे काम महिना उलटला तरी जमेना, तर ठेवायचे की काढायचे, एवढाच प्रश्न असल्यासारखे वाटते. पण त्याआधी एक निवाडा करावा लागतो. काम वाईट झाले, यात दोष कोणाचा? माणसाला कशासाठी दोषी धरावे आणि कशासाठी धरू नये, हा नीतिविचारातला फार जुना प्रश्न आहे. धर्मग्रंथांनी, राजनीतिकारांनी आणि तत्त्वज्ञांनी तो मालक आणि चाकर यांच्या संदर्भातही पुन्हा पुन्हा हाताळला आहे.

आधी चूक जवळून पाहायला हवी. जिन्याची लादी पुसून वाळली की तिच्यावर पांढरट पट्टे उमटतात, पाय किंचित चिकटतो. सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन येतो आणि नवा माणूस अंगचोर आहे असे ठरून जाते. खरे कारण पुष्कळदा उलटे असते. बादलीला झाकणभर पुरणारे द्रावण त्याने अर्धी बाटली ओतलेले असते, कारण साबण जास्त म्हणजे स्वच्छता जास्त अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. हा जादा साबण लादीवरच वाळतो आणि पुढची धूळ धरून ठेवतो. शौचालयाच्या भांड्यात जंतुनाशक टाकल्यावर ते काही मिनिटे तसेच राहू द्यावे लागते. नवखा माणूस लगेच पाणी ओतून मोकळा होतो. संगमरवरावर ॲसिड टाकले तर दगडाची चकाकी जाते. ॲसिड आणि ब्लीच एकत्र केले तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद संडासात तो जिवावर बेतू शकतो. यातली कोणतीही चूक आळसातून होत नाही. ज्याला काम टाळायचेच असते तो कोपरे सोडतो, तिसरा मजला पुसलाच नसताना पुसला म्हणून सांगतो. बाटली रिकामी करण्याचे कष्ट तो घेत नाही.

ॲरिस्टॉटलने निकोमाखीय नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात हाच भेद केला आहे. जबरदस्तीने किंवा अज्ञानामुळे जे घडते ते त्याच्या मते स्वेच्छेने केलेले नसते, म्हणून तिथे दोष द्यायला जागा कमी. पण तो तिथेच थांबत नाही. काही अज्ञान माणसाने स्वतःच ओढवून घेतलेले असते आणि त्याची जबाबदारी त्याच्यावर येते, हेही तो बजावतो. सफाईच्या कामाला हा दुसरा अर्धा भाग जास्त लागू पडतो, फक्त तो मालकाच्या दिशेने वळतो. बाटलीवरची सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत असेल आणि पहिल्या दिवशी कोणी हाताने करून दाखवले नसेल, तर ते अज्ञान कामगाराच्या अंगात दिसत असले तरी घडवलेले दुसऱ्या कोणीतरी आहे. ज्याला शिकवलेच नाही त्याला न आल्याबद्दल बोल लावता येत नाही.

भारतीय परंपरेत कौटिल्याची भूमिका या बाबतीत लक्ष देण्याजोगी आहे. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात कामगार आणि मालक यांच्या करारावर स्वतंत्र विचार येतो. वेतन घेऊन काम न करणाऱ्याला बारा पणांचा दंड सांगितला आहे. त्याला लागूनच सवलतही आहे: माणूस अशक्त असेल, काम किळसवाणे असेल, तो आजारी असेल किंवा संकटात असेल, तर त्याला करारातून सूट मिळावी किंवा ते काम दुसऱ्याकडून करवून घेण्याची मुभा असावी. दया दाखवण्याबद्दल कौटिल्याची ख्याती नाही. त्यालाही 'करत नाही' आणि 'करवत नाही' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याशा वाटल्या, आणि किळसवाणे काम ही वेगळी अडचण मानावीशी वाटली. आजचे ठेकेदार ती क्वचितच मानतात. दवाखान्यातले रक्ताचे किंवा उलटीचे डाग पहिल्यांदा पुसताना माणूस मागे सरतो, तेव्हा ती हयगय समजली जाते.

मग शिकवले का जात नाही? वेळ नसतो हे उत्तर खरे आहे, पण पुरते नाही. स्वयंपाकी किंवा इलेक्ट्रिशियन यांना शिकावे लागते हे कोणी नाकारत नाही. झाडू-पोछ्याबद्दल मात्र 'त्यात काय शिकायचं?' असे सहज म्हटले जाते. या म्हणण्यामागे जातिव्यवस्थेचा शतकांचा इतिहास आहे. एखादे काम एखाद्या समाजाला जन्मानेच येते असे मानले की ते शिकवण्याचा प्रश्नच उरत नाही. गीतेच्या तिसऱ्या आणि अठराव्या अध्यायात स्वतःचा धर्म सदोष असला तरी परधर्मापेक्षा श्रेयस्कर मानला आहे. त्या विचाराचा जन्माधारित अर्थ लावला गेला तेव्हा सफाईचे काम ठरावीक जातींच्या माथी कायमचे बसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहिलेल्या जातिनिर्मूलनाच्या निबंधात दाखवून दिले की जात ही नुसती श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तिच्यात माणसाची आवड किंवा कुवत यांना स्थान नाही. मैला हाताने उचलण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा यायला १९९३ साल उजाडले, आणि २०१३ साली तो नव्याने, अधिक कडक करावा लागला. या पार्श्वभूमीवर सफाई कामगाराला कामावरून बोलणे ही तटस्थ गोष्ट राहत नाही. दुकानातल्या सेल्समनला मालक ओरडला तर तो राग कामापुरता असतो. इथे त्याच शब्दांना जुना वास येतो.

सफाईला कौशल्य लागते, हे महाराष्ट्रात कृतीतून मांडणारी माणसे झाली. गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी स्वतः खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैलासफाईचे काम स्वतः केले आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून संडासाच्या रचनेवर प्रयोग केले. दोघांच्याही बाबतीत शिकवणारा आधी करणारा होता. लहान व्यवसायात मालकाला हे सहज जमण्यासारखे असते. तो अजून मोठ्या कचेरीत जाऊन बसलेला नसतो. दाराच्या समोरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून दाराकडे मागे मागे सरकत लादी कशी पुसायची, संडासाचे फडके बेसिनला का लावायचे नाही, हे अर्ध्या तासात करून दाखवता येते.

न शिकता येणाऱ्या माणसाची सर्वांत बोलकी कथा बौद्ध परंपरेत आहे, आणि योगायोग असा की ती फडक्याची कथा आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत आणि जातकात चुल्लपंथक नावाचा भिक्खू येतो. त्याचा थोरला भाऊ महापंथक आधी संघात गेला, अर्हत झाला आणि मग धाकट्याला घेऊन आला. त्याने धाकट्याला एकच गाथा पाठ करायला दिली. चार महिन्यांत ती पाठ झाली नाही. पुढची ओळ घेतली की मागची निसटे. शेवटी महापंथकाने त्याला विहारातून जायला सांगितले. त्याच सुमारास वैद्य जीवकाने बुद्धांना आणि भिक्खूंना आपल्या घरी भोजनाला बोलावले होते. जेवणाचा हिशेब महापंथकाकडे होता, आणि त्याने त्या यादीतून भावाला वगळले. चुल्लपंथक चीवर सोडून घरी निघाला तेव्हा बुद्धांनी त्याला थांबवले, एक स्वच्छ पांढरे फडके हातात दिले आणि पूर्वेकडे तोंड करून, मळ दूर करणारे म्हणत ते चोळत बसायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले. जे इतके शुभ्र होते ते आपल्याच हाताने मळले, हे पाहून त्याला अनित्यता कळली आणि तो अर्हत झाला. पुढे जीवकाचा माणूस उरलेल्या भिक्खूंना बोलवायला विहारात गेला, तेव्हा त्याला तिथे एक हजार भिक्खू दिसले. ती चुल्लपंथकाचीच रूपे होती.

ही कथा बहुधा करुणेची म्हणून सांगितली जाते. तिच्यात त्याहून कठीण काहीतरी आहे. महापंथकाची माहिती चुकीची नव्हती. चार महिने हा थोडा काळ नव्हे आणि गाथा पाठ झाली नव्हती हे खरेच होते. त्याची गफलत निष्कर्षात झाली. माझ्या पद्धतीने शिकत नाही म्हणजे शिकतच नाही, असे त्याने धरले. बुद्धांनी ध्येय खाली आणले नाही. अर्हत्त्व तेच राहिले. बदलला तो मार्ग, पाठांतराऐवजी हाताचे काम. सफाईच्या धंद्यात याचा अर्थ सरळ आहे. ज्याला बारा कामांची यादी तोंडी सांगून लक्षात राहत नाही, त्याला मजल्यामजल्याने एकेक काम देऊन पाहता येते. वाचता येत नसेल तर संडासाचे फडके लाल आणि टेबलांचे निळे, अशी रंगांची खूण पुरते. मात्र लादी स्वच्छ झाली पाहिजे हे कायम राहते. कथेच्या शेवटी चमत्कार आहे आणि ठेकेदाराच्या वाट्याला तो येत नाही, हेही ध्यानात ठेवलेले बरे. काही माणसांना मार्ग बदलूनही काम जमत नाही.

मुदत किती द्यावी, यावर लूकच्या शुभवर्तमानातला अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. तीन वर्षे फळ आले नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागतो आणि म्हणतो की तो आळे खणेल, खत घालेल. तरीही फळ आले नाही तर तोडावे. मालकाने काय उत्तर दिले ते दाखल्यात नाही. इथे मुदतवाढीला अट आहे आणि ती अट माळ्याने स्वतःवर घेतली आहे. 'बघू अजून एक महिना' असे म्हणून मालक पुन्हा त्याच बादलीसह त्याच जिन्यावर माणूस सोडतो, तेव्हा तो संयम नव्हे, निर्णय लांबवणे असते. बौद्ध परंपरेतल्या सिगालोवाद सुत्तात चाकराप्रती मालकाची पाच कर्तव्ये मोजली आहेत. त्यांत पहिले आहे कुवतीप्रमाणे काम नेमून देणे. अन्न-वेतन, आजारपणातली काळजी, गोडधोडात वाटा आणि वेळेवर सुट्टी ही नंतर येतात. चाकराच्या कर्तव्यांत काम नीट करणे हेही स्पष्ट आहे. दोन्ही याद्या एकाच सुत्तात आहेत आणि एकीच्या जोरावर दुसरी विसरता येत नाही.

दयेची दुसरी बाजू इथूनच सुरू होते. सहा जणांच्या तुकडीत एकाने सोडलेला मजला हवेत विरत नाही. तो दुसऱ्या कोणाला तरी पुसावा लागतो. बहुतेकदा तो त्याच बाईच्या वाट्याला येतो, जी तक्रार करत नाही. मालकाला आपण मोठ्या मनाने वागतो असे वाटते, आणि त्या मोठ्या मनाची किंमत तिची कंबर मोजते. 'मावशी', 'दादा' या हाकांनी ही गुंतागुंत वाढते. नाते लावले की चूक तोंडावर सांगणे जड जाते, मग ती पाठीमागे सांगितली जाते. नवख्याला मात्र सगळे ठीक चालले आहे असेच वाटत राहते, आणि एके दिवशी अचानक त्याला उद्यापासून येऊ नकोस असे ऐकावे लागते. चूक वेळेवर, एकांतात आणि नेमक्या शब्दांत सांगणे हा त्या माणसाचा हक्क आहे. 'काम नीट कर' हे नेमके नव्हे. 'नळाच्या मागे पांढरा थर राहतो, तिथे ब्रश लाव' हे नेमके.

पगार कापून प्रश्न सुटतो, अशीही एक समजूत असते. इंग्रज लेखक जॉन रस्किनने १८६० साली मासिकातून प्रसिद्ध केलेले आणि १८६२ साली 'अन टू धिस लास्ट' या पुस्तकात आलेले निबंध गांधीजींनी १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत वाचले आणि पुढे गुजरातीत 'सर्वोदय' नावाने त्यांचे सार मांडले. रस्किनचे म्हणणे असे की कामाचा दर ठरलेला असावा, चांगल्या कामगाराला काम मिळावे आणि वाईट कामगाराला मिळू नये. अर्ध्या दराने वाईट काम विकू देणे हे त्याच्या मते सर्वांत घातक. हे कठोर वाटते, पण कमी पैशांत कामचलाऊ माणूस ठेवण्यातली सोय कोणाची असते हे पाहिले की त्याचा मुद्दा पटतो. दंडाबाबत कायद्याचीही वेसण आहे. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्यानुसार दंड त्या मुदतीच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपलीकडे नेता येत नव्हता आणि कामगाराला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागत असे. २०१९ च्या वेतन संहितेनेही ही मर्यादा कायम ठेवली. फुटलेल्या वायपरचे आणि आलेल्या तक्रारीचे पैसे महिनाअखेर मनाने कापणे या चौकटीत बसत नाही.

शिकवून झाले, मार्ग बदलून झाला, मुदत सांगून झाली आणि तरीही काम जमले नाही, तर माणसाला काढण्यात अन्याय नाही. अन्याय काढण्याच्या रीतीत होऊ शकतो. कामगाराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या, असा हदीसमध्ये पैगंबरांचा आदेश सांगितला जातो. वेतन संहितेतही काढून टाकलेल्या माणसाचे वेतन दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद आहे. 'हिशोब पुढच्या महिन्यात बघू' म्हणत हेलपाटे घालायला लावणे हा या क्षेत्रातला नेहमीचा प्रकार, आणि तो काढण्यापेक्षा जास्त अपमानाचा. कारणही सांगितले पाहिजे, कामाच्या भाषेत आणि स्वभावावर न जाता. पुढे दुसऱ्या ठेकेदाराचा चौकशीचा फोन आला, तर तो वेळेवर येतो, प्रामाणिक आहे, पण मजल्यांच्या कामात त्याचा हात बसला नाही, बागेचे किंवा काचांचे काम देऊन पाहा, एवढे खरे सांगता येते.