महत्त्वाचा रकाना

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी माळे झाडायला निघतात. कुणाकडे तांब्याचे घंगाळे उतरते, कुणाकडे आजोबांच्या वह्या. मग एक छोटासा खटला उभा राहतो. सासूबाई म्हणतात, ठेवा. सूनबाई म्हणतात, जागा कुठे आहे. आणि मुले त्या वहीच्या कागदाची होडी होईल की नाही याचा अंदाज घेत असतात. निकाल बहुधा रद्दीवाल्याच्या बाजूने लागतो. हाच खटला गेल्या वर्षी मला जरा मोठ्या प्रमाणावर चालवावा लागला. त्यात मी वादी होतो की आरोपी, हे अजून मला नीट ठरवता आलेले नाही.

आमच्या गावच्या वाचनालयाचा मी चिटणीस. गाव कृष्णाकाठचे, लहानसे. वाचनालय एका जुन्या वाड्यात आहे. वारसांनी तो संस्थेला दिला, तेव्हा माडीवरचे सागवानी कपाटही सोबत दिले. कपाटात चाळीसेक पोथ्या आणि त्रेसष्ट रुमाल. हा रुमाल खिशातला नव्हे. मोडी कागदांचे गठ्ठे ज्या फडक्यात बांधत, त्याला रुमाल म्हणत, आणि त्यावरून गठ्ठ्यालाही. दोन पावसाळ्यांपूर्वी माडीवरची कौले सरकली आणि खालच्या खणातले पाच रुमाल भिजले. वाळवी आणि कसर यांनी आपापला वाटा त्याआधीच उचलला होता.

सार्वजनिक वाचनालयांना १९६७च्या कायद्याप्रमाणे वर्गवारी पाहून अनुदान मिळते, पण ते वर्तमानपत्रे, पुस्तके आणि ग्रंथपालाचा पगार यांतच संपते. छपरासाठी आणि रुमालांसाठी वेगळा अर्ज करायचे ठरले. अनुदान हा शब्द मला मोठा मार्मिक वाटतो. ‘अनु’ म्हणजे मागून येणारा. आधी कुणीतरी दान करायचे, मग त्याच्या पावलावर पाऊल टाकून सरकारने. म्हणूनच की काय, खर्चाचा काही वाटा संस्थेने स्वतः घालावा असे अशा योजनांत लिहिलेले असते. बाकीच्या अटी सर्वांना ठाऊक आहेत : न्यासाची नोंदणी, लेखापरीक्षण, दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, आणि पैसा खर्चल्यावर विनियोग प्रमाणपत्र. सरकारी पैशातून घेतलेली वस्तू सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हीही एक अट. म्हणजे नवे लोखंडी कपाट आम्हाला मोडीत घालता येणार नाही. त्यातली पोथी मात्र उद्या रद्दीत घातली तर आमचा हात धरणारा जवळ कुणी नाही!

हे सगळे रकाने मी दोन संध्याकाळींत भरले. अडलो तो एकाच ठिकाणी. ‘वास्तूचे व संग्रहाचे ऐतिहासिक महत्त्व.’

आमचे अध्यक्ष आबा. वाडा त्यांच्याच घराण्याचा. वय ब्याऐंशी, आवाज अजून खणखणीत. ते म्हणाले, “त्यात काय अडायचे आहे? लिही, नाना फडणीसांचा मुक्काम या वाड्यात झाला होता.”

“आबा, तसा कागद नाही कुठे.”

“मेणवलीला त्यांचा वाडा होता ना? मग जाता-येता एखादी रात्र इथे टेकले नसतील कशावरून?”

हे ‘कशावरून’ मोठे लबाड आहे. पुरावा मागायचा तो सांगणाऱ्याकडे, पण ते तुमच्याकडेच मागते. ज्या राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद जमवले आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले, त्यांच्यापुढे हे वाक्य उच्चारायची आबांची छाती झाली नसती. पण राजवाडे १९२६ साली गेले आणि आमचे छप्पर आज गळते आहे.

खरे सांगतो, मी ते वाक्य लिहिले. लिहून दोन दिवस तसेच ठेवले. मनाशी म्हटले, यात वाईट कुणाचे होते? नानांचे काही बिघडत नाही. सरकारी तिजोरीला छिद्र पडत नाही. पैसे माझ्या खिशात जात नाहीत, जातात कौलांवर. देवाच्या नैवेद्यासाठी शेजारच्या परड्यातली चार फुले खुडावीत तसे हे. मग लक्षात आले की फुले शेजारचीच आहेत. असल्या अनुदानाचा पैसा मोजका असतो. आमच्यासारखेच गळके छप्पर दुसऱ्या कुठल्यातरी गावी असेल, तिथला चिटणीस माझ्याइतकाच रडवेला असेल, आणि त्याने रकान्यात खरे तेवढेच लिहिले असेल. माझे खोटे तिजोरीला नाही, त्याला फसवणार होते.

आणि दुसरेही एक. अर्ज हाही कागदच. तो कुठल्यातरी कार्यालयात फाइलीला लागणार. शंभर वर्षांनी कुणी चिकित्सक तरुण ती फाइल सोडील आणि लिहील, ‘नानांच्या मुक्कामाचा लेखी उल्लेख सापडतो.’ कागद जपण्यासाठी मी एक खोटा कागद जन्माला घालणार होतो, आणि तो मात्र लोखंडी कपाटात वाळवीपासून सुरक्षित राहणार होता.

सरकार आणि जुने कागद यांचा संबंध आपण समजतो तितका साधा नाही. पुण्याचे पेशवे दप्तर आज इतिहासाचे केवढे भांडार! त्यातून रियासतकार सरदेसायांनी १९३०च्या सुमारास पंचेचाळीस खंड निवडून काढले. पण इंग्रजांनी ते दप्तर सांभाळले ते काही आपल्या पूर्वजांवरच्या प्रेमाने नव्हे. इनाम कुणाचे खरे, कुणाचे खोटे, सारा कुणाकडून घ्यायचा, हे त्यांना ठरवायचे होते. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि घरोघरचे लोक देव्हाऱ्यामागच्या सनदा घेऊन धावले. ज्याला कागद दाखवता आला नाही त्याची जमीन धोक्यात आली. आमच्या अर्जात कागद सांभाळायला पैसे मागायचे होते. त्या काळी कागद सांभाळला नसेल तर पोटावर पाय येत असे. जपणुकीच्या मागे भक्ती असतेच असे नाही. पुष्कळदा भीती असते, हिशोब असतो.

दोन दिवसांनी मी माडीवर गेलो. म्हटले, नानांचे नाही तर दुसरे काही महत्त्वाचे सापडते का पाहू. मोडी मला बेताची येते. एका उन्हाळ्यात वर्ग केला होता. पोथ्या नेहमीच्याच निघाल्या. एकीत चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ फासलेला होता, जसा फासत तसाच, आणि गंमत अशी की कसरीने नेमकी तीच जागा सोडली होती. हरताळ विषारी असतो. शेवटच्या पानावर लेखकाने जुन्या रिवाजाप्रमाणे पोथीच्याच तोंडी विनवणी घातली होती : तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, मूर्खाच्या हाती देऊ नकोस. मनात आले, जपणुकीसाठी केलेला हा अर्जच की! पण तो राजाच्या नावे नाही. ज्याच्या हातात पोथी आहे त्याच्या नावे आहे.

मग एक लांबट वही हाती लागली. शके १७९८, म्हणजे १८७६-७७. दख्खनच्या दुष्काळाचे साल. पानापानावर नाव, त्याखाली जोंधळे किती पायली दिले, आणि खाली सर्व्हे नंबर. कुठे ‘गहाण’, कुठे ‘कायम’. एकेका शेताची किंमत कुठे चार मण, कुठे सहा. मी तीन तास ती वही वाचत बसलो. अक्षर सुरेख होते. खाडाखोड कुठेही नव्हती. हे अक्षर आबांच्या पणजोबांचे.

त्याच्या आदल्याच साली, १२ मे १८७५ रोजी, भीमथडीतल्या सुप्याला कुणब्यांनी सावकारांची दुकाने फोडून खतपत्रे जाळली होती. दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. पुढे १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. ते लोक पुष्कळ ठिकाणी माणसांवर हात टाकत नव्हते. कागद मागत होते. आम्ही जे कागद वाचवायला सरकारकडे पैसे मागत होतो, तसलेच कागद जळावेत म्हणून ते तुरुंगात गेले. ही वही त्या दिवशी सुप्यात असती तर तिची राख झाली असती, आणि ती राख होणे न्यायाचेच होते असे मला वाटते. तरी आज ती कुणी जाळू म्हटले तर मी त्याच्या आडवा पडेन. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात. कर्जदाराला जी बेडी होती, तीच आज त्याच्या बाजूची एकुलती एक साक्ष आहे. त्या माणसांची नावे दुसऱ्या कुठल्या कागदावर आहेत?

मी नानांचा मुक्काम खोडला आणि त्या वहीचे दहा ओळींत वर्णन लिहिले. कुणाच्या घराण्याचे नाव घातले नाही, पण वाडा कुणाचा हे अर्जात दुसऱ्या रकान्यात होतेच. वाडा दान देणाऱ्याच्या सहीसाठी तो कागद त्याच्याच पुढे ठेवायचा, याला निर्लज्जपणा म्हणावे की प्रामाणिकपणा? त्या रात्री मला झोप लागली नाही.

आबांनी चष्मा लावून वाचले. पुन्हा वाचले.

“हे अनुदान द्यायच्या लायकीचे आहे?” त्यांनी विचारले.

“नानांच्या मुक्कामाहून जास्त आहे, आबा.”

“आणि नाही मिळाले तर?”

“तर वर्गणी काढू.”

ते काही बोलले नाहीत. सही मात्र केली, वेडीवाकडी आली. पुढे आठ दिवस ते वाचनालयात फिरकले नाहीत.

अर्ज गेला. श्रावणात एक पत्र आले. महत्त्वाच्या रकान्याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. मालमत्तापत्रकाच्या उताऱ्यावरचा शिक्का अस्पष्ट आहे, तो स्पष्ट जोडून पाठवावा, एवढेच. पाठवला. पावसापुरते छपरावर प्लॅस्टिक घातले, त्याला अडीच हजार रुपये लागले.

गणपती उठल्यावर एका दुपारी आबा काठी टेकत माडीवर आले. म्हणाले, “ती वही काढ. नावे वाच.”

मी वाचू लागलो. दहाबारा नावे झाल्यावर त्यांनी हात वर केला. “हे वेशीजवळचे घर का रे?”

“हो. त्यांच्यातलेच ते मास्तर रोज सकाळी खाली पेपर वाचायला येतात.”

“माहीत आहे त्यांना?”

“मी सांगितलेले नाही.”

आबा बराच वेळ खिडकीतून खाली पाहत राहिले. मग त्यांनी वही माझ्या हातून घेतली, फडक्यात ठेवली, खिशातून वेखंडाचा तुकडा काढून तिच्यावर ठेवला आणि रुमाल बांधू लागले. बोटे थरथरत होती, म्हणून मी पुढे झालो. त्यांनी मान हलवून मला थांबवले. गाठ त्यांनीच मारली, चांगली घट्ट, आणि विचारले, “मास्तर उद्या किती वाजता येतात?”