आधी माणूस उचला

मोबाइल खिशात ठेवू नका, इथे टेबलावर आणून ठेवा. सगळ्यांचे. तास भौतिकशास्त्राचाच आहे, पण आज पुस्तक उघडायचं नाही.

मी वर्गात शिरलो तेव्हा मागच्या बाकांवर हसू चाललं होतं. कशाला हसत होता ते मी पाहिलं. मोबाइलवरचा व्हिडिओ. मनालीच्या पुढे, सोलंगच्या उतारावर बर्फावरून गाड्या घसरतायत, एक ड्रायव्हर दार उघडून बाहेर उडी टाकतोय, बाजूला कोणीतरी ओरडतंय, आणि या सगळ्याला मागे गाणं लावलेलं. हसण्यासारखं काय सापडलं त्यात? डिसेंबर २०२४ मध्ये तिथे एकाएकी बर्फ पडला, सोलंग ते अटल बोगदा या रस्त्यावर हजारभर गाड्या अडकल्या. लेकराबाळांना घेऊन गेलेली माणसं होती त्यात, आपल्याकडचीही असतील. पोलिसांनी रात्री कडाक्याच्या थंडीत उभं राहून ती बाहेर काढली. उडी टाकणाऱ्या त्या ड्रायव्हरला पुढच्या क्षणी आपण जगणार की मरणार हे माहीत नव्हतं. आणि इथे हिवरा आश्रमात बाकावर बसून तुम्ही त्याला हसलात.

त्यानंतर दुसरा व्हिडिओ फिरला. तो मनालीचा नव्हता. परवा पहाटेचा, आपल्याच रस्त्यावरचा. धुईत रस्त्यात उभी असलेली कुटाराची ट्रॉली, तिच्यात मागून घुसलेली मोटारसायकल आणि डांबरावर पडलेला माणूस. तो व्हिडिओ बाहेरून आलेला नाही. तो या वर्गातल्या मुलानं काढलाय. त्याचं नाव मी घेणार नाही, कारण तिथे तो एकटा नव्हता. शिकवणीला निघालेली तुम्ही बरीच जणं होता. व्हिडिओत तुमचे आवाज आहेत. "गेला वाटते." "अबे, जवळून घे." वर्षभर तुमच्या तोंडी परीक्षा घेतल्यात मी. आवाज ओळखतो तुमचे.

त्या माणसाला उचललं कोणी? डेअरीवर दूध घालून परतणाऱ्या एका बाईनं. तिनं आपल्या लुगड्याचा पदर फाडून त्याच्या मांडीवर दाबून धरला आणि तुम्हाला हाका मारल्या. त्या हाकाही व्हिडिओत आहेत. "पोरांनो, या रे, धरा रे कोणी." एकही पाऊल पुढे पडलं नाही. तो माणूस आज अकोल्याला दवाखान्यात आहे. त्या बाईला लिहिता-वाचता येत नसेल कदाचित. तुम्हाला येतं. रक्ताभिसरणाचं चित्र काढून, नावं देऊन, तुम्ही त्याचे गुण घेतलेत. एखादी मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो, हे तुम्हाला ठाऊक होतं. माहीत असून उभे राहिलात, म्हणून मी चिडलोय.

कारणं मला ठाऊक आहेत. सर, पोलिसांचं लफडं मागे लागतं. सर, दवाखान्यात आधी पैसे मागतात. सर, मेला तर आमच्यावर येतं. हे तुम्ही घरी ऐकलं आणि तपासलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं ३० मार्च २०१६ रोजी यावर निकाल दिला. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, २०२० मध्ये त्याचे नियम आले. जखमीला चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही कमीजास्त झालं तरी, दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हे त्यानं ठरवायचं. दवाखान्यानं त्याला अडवून ठेवायचं नाही, पैसे मागायचे नाहीत. मे २०२५ पासून रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैशांशिवाय मिळण्याची योजना आहे. जबर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार पंचवीस हजार रुपयांचं बक्षीसही देतं. बक्षिसासाठी जा असं मी म्हणत नाही. पण पोलिसांचं कारण यापुढे या वर्गात कोणी तोंडातून काढायचं नाही.

तो पहिला तास कायद्यातसुद्धा लिहिलाय. आपल्या भागात तो कसा जातो पाहा. १०८ ला फोन लागला तरी गाडी यायला वेळ लागतो. मग मेहकरचं ग्रामीण रुग्णालय. तिथून पुढे पाठवलं तर बुलढाणा, अकोला नाहीतर छत्रपती संभाजीनगर. हा तास शहरातल्या माणसाला पुरतो, आपल्याला पुरत नाही. त्यामुळे आपल्याकडे पहिली दहा मिनिटं डॉक्टरच्या हातात नसतात. त्या वेळी तिथे जो उभा असेल त्याच्या हातात असतात. परवा तिथे तुम्ही उभे होता.

आता फळ्याकडे बघा. त्या मोटारसायकलवाल्याला "वेडाच होता, दिसलं नाही का" म्हणून मोकळे झालात, आणि आज सकाळी त्याच धुईतून तुम्ही कसे आलात ते मी फाटकाशी उभं राहून पाहिलंय. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. समोर ट्रॉली दिसली, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद धरा. तेवढ्यात १७ मीटर गेले आणि ब्रेक अजून लागलेलाच नाही. दवानं ओल्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.५ धरला तर थांबायला आणखी २८ मीटर लागतात. झाले ४५. हेच गणित ताशी ३० ला करा, १५ मीटरच्या आसपास येतं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते हे तुम्ही परीक्षेत लिहिता आणि गाडीला किक मारली की विसरता. कोराडीच्या जलाशयाच्या बाजूनं धुई उठते तेव्हा २० मीटरपलीकडचं दिसत नाही. २० मीटर दिसतंय आणि थांबायला ४५ लागतायत. धुईतून समोर जे येईल, ट्रॉली असो की शाळेत निघालेली पोर असो, त्याला तुम्ही धडकणारच.

आता त्या बर्फाचंही गणित करा, म्हणजे हसू पुरतं जाईल. बर्फावर गुणांक ०.१ धरा. ताशी ३० लासुद्धा थांबायला ४४ मीटर लागतात. आपल्या ओल्या रस्त्यावर साठनं जाणाऱ्याला लागतात जवळपास तेवढेच. तिकडे ज्याला ब्लॅक आइस म्हणतात तो तर दिसतही नाही. दिवसा वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं, पातळ आणि पारदर्शक, खालचं डांबर तसंच काळं दिसतं. त्या ड्रायव्हरला रस्त्यानं दगा दिला. तुमचा रस्ता दगा देत नाही. वेग तुम्ही स्वतः घेता.

आणि धुईत अप्पर लावून येणारे तुम्हीच. धुकं म्हणजे पाण्याचे बारीक थेंब. अप्परचा उजेड त्यांच्यावर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो. पुढचं दिसत नाही ते नाहीच, वर समोरून येणाराही आंधळा होतो. डिपर ठेवा, कानांवरचा मफलर काढा, हॉर्न द्या, डावीकडची कड धरून चाला. फारच दाट असेल तर रस्ता सोडून खाली उभे राहा. शिकवणीला उशीर झाला तर शिकवणीचे सर मारतील का? मारलं तर मला येऊन सांगा.

ज्यांना अठरा पूर्ण नाहीत त्यांनी गाडी आणायचीच नाही. कलम १९९अ प्रमाणे पोरानं गुन्हा केला तर बापाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. सोयाबीन विकून बापानं गाडी घेतली, ती तुम्ही त्याला तुरुंगात पाठवायला वापरताय.

ट्रॉलीवाल्याचंही बोलतो, कारण तो ट्रॉलीवाला तुमच्यापैकीच कोणाचा तरी काका आहे. मागे लाल दिवा नाही. रिफ्लेक्टर नाही. कुटार दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेलं. बिघडली की रस्त्यातच उभी करायची, चाकांना दगड लावायचे, खूण म्हणून बोरीची फांदी टाकायची आणि घरी जाऊन झोपायचं. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात. दुसऱ्या रात्री त्या दगडावरून कोणीतरी पडतो.

१ जुलै २०२३ कोणाला आठवतो? आपल्या जिल्ह्यातलं आहे. सिंदखेडराजा तालुक्यात, पिंपळखुट्याजवळ, समृद्धी महामार्गावर मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस धडकली, उलटली आणि पेटली. ती डाव्या कुशीवर पडली, दार खाली दबलं. आत ३३ माणसं होती, २५ जळाली. आठ वाचली, त्यातली काही काचा फोडून बाहेर आली. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मदतीला थांबल्या असत्या तर आणखी काही जीव वाचले असते, असं तिथल्याच एका माणसानं तेव्हा पत्रकारांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात एकाच वेळी २४ चिता पेटल्या. चेहरा ओळखता येत नव्हता, म्हणून आईबापांना आपलं लेकरू घरी नेता आलं नाही.

आणि त्यानंतर काय झालं? त्याच जागी काही लोकांनी मृत्युंजय यंत्र बसवलं आणि जप केला, की आता इथे अपघात होणार नाही. पोलिसांना २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवावा लागला. मंत्रानं झोप उतरत नाही, वेग उतरत नाही, पेटल्या बसची काच फुटत नाही. ती फोडायला हातोडा लागतो आणि थांबणारा माणूस लागतो.

अपघात झाला की आपलं गाव काय करतं तेही बोललं पाहिजे. ड्रायव्हरला खाली ओढून चोप देतं. जखमी तिथेच पडलेला असताना रास्ता रोको करतं, म्हणजे त्याच्यासाठी निघालेली रुग्णवाहिकाही त्याच रांगेत अडकते. कांद्याचा किंवा तेलाचा ट्रक उलटला तर घरून पिशव्या आणि डबे आणतं. आत क्लीनर दबलेला असतो आणि बाहेर पिंप भरत असतं. २०१७ मध्ये पाकिस्तानात अहमदपूर शर्कियाजवळ पेट्रोलचा टँकर उलटला, लोक बादल्या घेऊन धावले, भडका उडाला आणि दोनशेहून जास्त माणसं मेली. शिवी द्यायची म्हणून हे सांगत नाही. तीच बादली आपल्याकडेही घराघरात आहे.

माझा राग तुमच्यावर जास्त का आहे, तेही ऐका. तुम्ही या गावची मुलं आहात. शुकदास महाराजांनी इथे आश्रम उभा केला तो रुग्णांची सेवा करत. विवेकानंद जयंतीला इथे लाखावर माणसं पंगतीला बसतात, पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरनं पंगतीत फिरते, आणि वाढणारे हात तुमचे असतात. मी दरवर्षी पाहतो. कोणाला धक्का लागत नाही, कोणी उपाशी उठत नाही. तुम्हाला शिस्त नाही असं मला कोणी सांगितलं तर मी त्याच्याशी भांडेन. इतक्या माणसांना वाढताना कोणाला तुम्हाला ढकलावं लागत नाही. मग एक माणूस रक्तात पडलेला असताना पाय का गोठले? तिथे स्वयंसेवकाचा बिल्ला नव्हता म्हणून? नावं पुकारायला माइक नव्हता म्हणून? विवेकानंदांचा फोटो या भिंतीवर आहे. त्याला हार घालायचा मान यंदा कोणाला द्यायचा याचा विचार मी परवापासून करतोय.

आता वह्या काढा आणि लिहा. अपघात दिसला की आधी एकानं मागे पन्नास-शंभर पावलं पळत जाऊन बॅटरी दाखवत येणाऱ्या गाड्या थांबवायच्या. धुईत पहिल्या गाडीवर दुसरी येते आणि मदत करणारेच मरतात. दुसऱ्यानं गाडीची चावी बंद करायची. तिसऱ्यानं १०८ लावायचा, तो नाही लागला तर ११२, आणि "इकडं या लवकर" असं नाही, तर कोणता रस्ता, कोणत्या दोन गावांच्या मधे, किलोमीटरचा दगड कोणता, किती जखमी, हे सांगायचं. मोबाइल त्याच्यासाठी आहे. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि सारखं उचलून बघायचं नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. श्वास चालू असेल तर त्याचं हेल्मेट ओढून काढायचं नाही. मान किंवा पाठ दुखते म्हणत असेल तर त्याला दोघांच्या मधे मोटारसायकलवर बसवून न्यायचं नाही. मणका तुटलेला असेल तर तुमच्या घाईनं तो जन्माचा खाटेवर पडेल. आग किंवा दुसरा धोका नसेल तर हलवायचं नाही. थंडी असते, अंगावर शाल टाका, हात धरा, नाव विचारा, बोलत राहा.

शनिवारी दुपारी घरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या मैदानावर आणायच्या. आणता येणार नसतील तर आपण गल्लीत जाऊ. लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांचे पैसे शाळेत मागू नका, मी आणतो. काका नको म्हणाले तर माझं नाव सांगा, मग मी येतो घरी. परवा जे तिथे उभे होते त्यांनी पट्ट्या चिकटवायच्या, बाकीच्यांनी चाकं पुसायची. ग्रामीण रुग्णालयातून कोणी प्रथमोपचार शिकवायला येतं का, ते मी विचारतोय. आलं तर त्या दिवशी गैरहजर राहणाऱ्याची प्रात्यक्षिकाची वही माझ्याकडून सही होऊन जाणार नाही.

त्या माणसाच्या घरी आज संध्याकाळी मी जाणार आहे. ज्यानं व्हिडिओ काढला त्यानं माझ्याबरोबर यायचं. किती जणांना पाठवला ते आधी मला लिहून द्यायचं आणि प्रत्येकाला फोन करून पुसायला लावायचं. त्याच्या घरच्यांना काय बोलायचं ते मी शिकवणार नाही.

टेबलावरून मोबाइल उचला. १०८ आणि ११२ माझ्यासमोर साठवा, मग बाहेर जा.